ईराची विहीर

जरा थांबता का? घसरगुंडीच्या पलीकडं, विहिरीच्या कठड्याला लागून जो सोनेरी दगड उभा आहे ना, तो मी बोलतोय. फोटो काढायचा असेल तर आधी काढून घ्या. सगळेच काढतात. पोरं माझ्या डोक्यावर कोपर टेकवून दोन बोटं दाखवतात, बायाबापड्या पदर सारखा करून शेजारी उभ्या राहतात, आणि मग कुणी मागं वळून बघत नाही. मला आता त्याची सवय झाली आहे.

हा सोनेरी रंग माझा नव्हे. मी मूळचा काळा, बालाघाटच्या डोंगरातला. हा रंग हल्ली फासलाय आणि उन्हानं त्याचे पापुद्रे सुटायला लागलेत. त्याच्याखाली शेंदूर आहे, शेंदराखाली कोरीव काम आहे आणि त्याच्या आत कुठंतरी मी आहे.

शिकलेली माणसं मला वीरगळ म्हणतात. पूर्वी एखादा माणूस गुरं राखताना, गाव वाचवताना मेला, की तो जिथं पडला तिथंच त्याच्या नावानं दगड उभा करायची रीत होती. जिथं पडला तिथंच, हे महत्त्वाचं. आमच्या जातीच्या दगडाला दुसरं काहीच सांगायचं नसतं. माणूस इथं होता आणि तो इथं गेला, एवढंच.

ज्या पाथरवटानं मला घडवलं त्याचा हात चांगला होता. खालच्या चौकटीत त्यानं एक माणूस कोरला. त्याच्या हातात तलवार नाही, साधी काठी आहे. पाठीमागं गायी, समोर घोड्यावर बसलेले लुटारू. मधल्या चौकटीत अप्सरा त्या माणसाला वर घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो महादेवापुढं हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गायी खालीच राहिल्या, त्यांचं पुढं काय झालं ते काही त्यानं कोरलं नाही. आणि नावही कोरलं नाही. अक्षरं येत नसतील, किंवा हे नाव कोण विसरणार आहे असं त्याला वाटलं असेल. लोक विसरले. इतका काळ मी ज्याच्यासाठी उभा आहे, त्याला हाक काय मारायची ते मलाही ठाऊक नाही.

माझी जागा हिवरदऱ्याच्या माळावर होती, एका हिवराच्या झाडाखाली. खाली धारूरकडं जाणारा रस्ता दिसायचा. निम्म्याहून जास्त मी भुईतच होतो, कोरीव भाग तेवढा वर. म्हशी यायच्या आणि माझ्या कडेला अंग घासायच्या. त्यांनी घासून घासून एका लुटारूचा घोडा पार गुळगुळीत केला. मला त्याचा राग आला नाही. थंडीच्या दिवसांत म्हशीच्या अंगाची ऊब बरी वाटायची.

माळाच्या कुशीत धनगरांची छोटी वाडी आहे. ती माणसं मला 'ईर' म्हणत. वीर म्हणायला ओठ नीट जुळवावे लागतात आणि आमच्या माळावरच्या वाऱ्यात तेवढी उसंत कुणाला? म्हणून वीराचा ईर झाला. गंमत अशी, की विहिरीलाही इकडं ईरच म्हणतात. कुणी हीर म्हणतं, कुणी ईर. रिकामी घागर घेऊन निघालेल्या बाईनं ईर म्हटलं की विहीर समजायची, नारळ घेऊन निघालेल्या माणसानं म्हटलं की मी. कित्येक पिढ्या गेल्या, पण त्यात कधी कुणाची गल्लत झाली नव्हती.

वाडीची एक रीत होती. धनगर उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन लांब लांब जातात. गेलेला माणूस कधीकधी परत येत नाही. कुणी पुरात जातो, कुणी परमुलखात तापानं मरतो आणि तिथंच कुठंतरी त्याची माती होते. अशा माणसाच्या आईनं, तो जिथं गेला तिथून एक गोटा आणायचा आणि माझ्या पायाशी ठेवायचा. आई नसली तर बहिणीनं. बायकोनं त्या दिवशी माळ चढायचा नाही. गोटा ठेवला की त्या माणसाची माती झाली, तो घरी आला, असं धरत. मग दर अवसेला माझ्यावर आणि त्या गोट्यांवर पाणी घालायचं. माझ्या पायाशी असे बरेच गोटे जमले होते. सगळ्यांवर शेंदूर चढत गेला आणि परक्याला ते सगळे सारखेच दिसू लागले.

बायडाबाई त्या वाडीत सून म्हणून आली तेव्हापासून मी तिला ओळखतो. सडपातळ, चालायला चपळ आणि तोंडानं फटकळ. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला आली तेव्हा सासू जरा बाजूला जाताच मला म्हणाली होती, "बाबा, ह्या घरात पाणी लई लांबून आणावं लागतंय. तेवढं जवळ आण." मी काही आणू शकलो नाही. तिनं मात्र माझं पाणी कधी चुकवलं नाही. पावसात आली, बाळंतपणातून उठून आली. दुष्काळात टँकरपाशी भांडून मिळवलेल्या पाण्यातलाही एक तांब्या तिनं माझ्यासाठी बाजूला ठेवला.

तिला एकच मुलगा होता, सुग्रीव. लहानपणी तो माझ्या डोक्यावर चढून खाली उड्या मारायचा. पुढं त्याचं लग्न झालं. त्याची बायको रोहिणी दहावीपर्यंत शिकलेली, अबोल आणि कामाला वाघीण. सासूसुनेचं जमलं कसं, याचं वाडीला नवल वाटायचं, कारण एक बोलून दमायची नाही आणि दुसरी ऐकून.

एका साली सुग्रीव मेंढरं घेऊन गंगथडीला गेला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पावसाळा तोंडावर होता. नदीतल्या उंचवट्यावर मेंढरं बसवली होती आणि पाणी एकाएकी वाढलं. त्यानं सगळी मेंढरं काठाला लावली. एक लंगडी मेंढी मागं राहिली म्हणून परत गेला. सोबत्यांनी त्याची काठी आणि घोंगडी घरी आणून दिली. बाकी काही मिळालं नाही.

बायडाबाई एकटी गंगेवर गेली आणि एक गोटा घेऊन आली. पदरात गुंडाळून, पोटाशी धरून तिनं माळ चढला. मी तो गोटा जवळून पाहिला. काळाभोर होता आणि त्याच्या एका अंगाला अंगठा बसेल एवढा खळगा होता. ती वाटभर त्या खळग्यात अंगठा ठेवूनच आली असावी, कारण खाली ठेवतानाही तिचा अंगठा तिथून निघेना. शेवटी तिनं तो माझ्या डाव्या पायाशी, खळगा खाली करून ठेवला आणि शेंदूर लावला. "आता हितंच ऱ्हा," ती म्हणाली, "कुटं जाऊ नगंस." त्यानंतर ती रोज बोलणारी बाई मुकी झाली. वाडीत कुणी तिला हसताना पाहिलं नाही.

आता खाली रस्त्याला फलक बघितलात ना, त्याचं सांगतो.

मोहनराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी. जमीन भरपूर, शब्दाला वजन. माणूस वाईट नाही. त्यांना एकच सल होता, तो सारखा बोलून दाखवायचे. "धारूरला किल्ला हाय, कपिलधारला धबधबा हाय. लोकं गाड्या भरभरून तिकडं जात्यात. आपल्याकडं हाय काय? कुसळं." कुठंही बघण्यासारखं जे असेल त्याची नोंद करून रस्त्याला फलक लावायचे, असं वर, सरकारात ठरलं होतं. मोहनरावांनी त्यात आपलंही गाव घालून घेतलं आणि एक दिवस एक साहेब जीपमधून आले.

ऊन रणरणत होतं. बायडाबाई मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला होती. साहेबांनी काच खाली केली, पाय काही खाली ठेवला नाही. चढावरून खालचं बोलणं वर स्पष्ट ऐकू येतं, त्यामुळं मी सगळं ऐकलं.

"मावशी, इथं वर काही जुनं आहे का? लोकांनी बघण्यासारखं?"

"ईर हाय की."

"हो? किती जुनी?"

जुना म्हणायच्या जागी साहेब जुनी म्हणाले, तेव्हा बायडाबाईला वाटलं असेल की शहरातली माणसं असंच बोलतात. "लई जुनं ठिकान हाय सायब. माज्या आजेसासूलाबी ठाव न्हवतं कवापासून हाय ते."

"पाणी?"

"पानी चुकत न्हाई. बाराई महिने."

"आणि खोल आहे का?"

"निम्म्याच्या वर भुईतच हाय."

साहेबांनी खूश होऊन मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं आणि जीप गेली. बायडाबाई धावत माळ चढून माझ्यापाशी आली. धापा टाकत म्हणाली, "बाबा, तुजं नाव सरकारात गेलं बघ."

पुढं रस्त्याला फलक उभा राहिला. वर बाण, खाली पांढरी अक्षरं. बायडाबाईला वाचता येत नाही. तिनं फलकाच्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि रोहिणीला हाताला धरून तिथं नेलं.

"वाच की गं. काय लिवलंय?"

रोहिणीनं वाचलं. 'ऐतिहासिक बारमाही विहीर' असं लिहिलं होतं. ती सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. सुग्रीव गेल्यापासून ते तोंड तिनं असं उजळलेलं पाहिलं नव्हतं.

"'ऐतिहासिक ईर' म्हनून लिवलंय, आत्याबाई."

"आन फुडं?"

"बारमाही."

"म्हंजी काय?"

"तुमी बाराई महिने पानी घालता ना, त्ये."

"आगं बया," म्हणून बायडाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग हळूच विचारलं, "सुग्रीवाचं हाय का काय त्यात?"

"तेवढं न्हाई. जागा कमी पडली आसंल."

"असूंदे. ईराचं हाय म्हंजी समद्यांचंच आलं."

रोहिणीला मी दोष देत नाही. कोण देईल? खरं सांगणं दोन शब्दांचं काम होतं, पण समोर हसणारं माणूस असलं की ते दोन शब्द जडच होतात.

फलक बघून लोक यायला लागले. सकाळी कपिलधार, दुपारी धारूरचा किल्ला, आणि जाताजाता ही विहीर बघू म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं माळ चढू लागली. वर आल्यावर बघतात तर एक झाड, एक शेंदरी दगड आणि काही गोटे. एक गृहस्थ बायकोपोरांना घेऊन घामाघूम होऊन आले आणि भडकले. "विहीर कुठंय?" बायडाबाई पलीकडं मेंढरांना पाणी दाखवत होती. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून रोहिणी धावत पुढं झाली.

"बुजलीय," ती हळू आवाजात म्हणाली.

"कधी?"

"लई वर्सं झाली."

"मग बोर्ड कशाला लावलाय?"

रोहिणीनं सावलीकडं बोट दाखवलं. त्या मंडळींनी हिवराखाली बसून डबा खाल्ला, वेष्टणं तिथंच टाकली आणि निघून गेली. पुढं जो येईल त्याला रोहिणीनं तेच सांगितलं. बायडाबाईला वाटायचं, लोक ईराच्या दर्शनाला येतात. ती लांबून हात जोडायची. रोहिणी मागाहून वेष्टणं गोळा करायची.

ही बुजलेल्या विहिरीची बातमी फिरत फिरत मोहनरावांच्या कानावर गेली. चारचौघांत कुणीतरी त्यांना टोचलं, की तुमच्या गावची ऐतिहासिक विहीर बुजलीय आणि तुम्हाला पत्ता नाही. मोहनरावांना ते लागलं. त्यांनी वर खेटे घातले आणि विहीर उकरून, बांधून, भोवती बाग करायची मंजुरी आणली. गावात पेढे वाटले.

रोहिणी तेव्हा त्यांच्याकडं गेली होती. तिथून थेट माझ्यापाशी आली आणि पाठ टेकून बसली. माणसं दगडापाशी मोकळी बोलतात. तिनं सगळं सांगितलं. मोहनराव तिच्यावर ओरडले नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला होता.

"आबा, ती हीर न्हाई. ईर हाय. आमचा दगूड," असं ती म्हणाली होती.

"अगं पोरी, तूच म्हनलीस ना लोकायला, बुजलीय म्हनून? आता म्हनतीस हीर न्हवतीच. मी वर जाऊन काय सांगू? आमच्या गावात ईर आन हीर येकच म्हनत्यात म्हनून?"

"दुसरीकडं खांदा की."

"जागा कागदावर गेली. आता हालत न्हाई." मग ते म्हणाले होते, "तुमच्या दगडाला मी धक्का लागू देत न्हाई. हिरीच्या काठाला मानानं उभा करतो. माजा शबूद."

त्यांनी शब्द दिला तो दगडाचा दिला. गोट्यांचं त्यांना कोण सांगणार? रोहिणीला ते बोलायचं सुचलंच नाही आणि सुचलं तेव्हा त्यांचा वाडा मागं राहिला होता.

घरी तिनं सासूला सांगितलं, की ईराला मोठा चौथरा बांधणार आहेत आणि काम होईपर्यंत वर जायचं नाही. बायडाबाई लगेच तयार झाली. चौथऱ्याचं ऐकून ती वाडीभर सांगत सुटली नसती तरच नवल.

खोदायचं यंत्र येणार त्या दिवशी उजाडता उजाडता रोहिणी एकटी वर आली. तिला निदान सुग्रीवाचा गोटा वाचवायचा होता. माझ्या पायाशी ती गुडघ्यावर बसली आणि तिथंच थिजली. सगळे गोटे शेंदरी, सगळे सारखे. तो ठेवला त्या दिवशी ती रीतीप्रमाणं माळ चढली नव्हती आणि नंतर विचारायची वेळ आली नव्हती. आता विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तिनं एकेक गोटा हातात घेऊन पाहिला. नवऱ्याचा हात ओळखावा तसं ती ओळखू बघत होती. माझ्या डाव्या पायाशी असलेल्या गोट्यावर तिचा हात आला, थांबला आणि मला वाटलं, सापडला. पण खळगा खालच्या अंगाला होता. तिचा हात पुढं गेला. तिनं शेजारचा गोटा उचलला, कपाळाला लावला आणि पदराआड धरून खाली गेली. माझ्या अंगावर इतकी तोंडं कोरलीत, माणसांची, घोड्यांची, गायींची. त्यातलं एकही उघडलं नाही. एवढा काळ उभा राहून त्या दिवसाइतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

यंत्र चालवणारा अंगद नावाचा तरुण माणूस होता. त्यानं आधी नारळ फोडला. "माफ कर बाबा, पोटासाठी करतुया," असं म्हणून त्यानं मला पट्ट्यानं उचललं. भुईतून निघालो तेव्हा कळलं, मी खाली किती होतो. माझी ती खालची बाजू कधी उजेडात आलीच नव्हती. मला बाजूला आडवं ठेवलं आणि माझ्या जागेवर खड्डा पडायला लागला. गोटे ढिगाऱ्यात गेले. बांधकामावरच्या मिस्त्रीला ते आवडले. छान गोल आहेत, तळाला अंथरू, वरून झकास दिसतील, असं म्हणून त्यानं ते रॉकेलनं धुवून काढले. शेंदूर गेला, काळे गोटे लकलकीत झाले आणि विहिरीच्या तळाला सिमेंटात बसले.

अवस आली. काम अजून चालूच होतं, पण बायडाबाईला कुणी थांबवू शकलं नाही. तांब्या घेऊन ती वर आली आणि तिला चौथऱ्याऐवजी विहीर दिसली. काठावर मी उभा, ओल्या सिमेंटात.

ती माझ्याकडं आली. माझ्या पायाशी बघितलं. तिथं गुळगुळीत फरशी होती.

"गोटे कुटायत?" तिनं विचारलं. मागून रोहिणी पळत आली होती.

रोहिणीनं सगळं सांगितलं. फलकावर काय होतं ते, लोकांना काय सांगितलं ते, आणि मोहनरावांचं. ती रडत नव्हती, एकामागून एक सांगत होती. बायडाबाई खाली बसली.

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी हासलात, आत्याबाई. बोर्ड वाचला त्या दिशी तुमी हासलात."

मग रोहिणीनं पदराआडून गोटा काढला. ती तो घरातून घेऊनच निघाली होती.

"त्यांचा मी आदीच काडून ठिवला व्हता. ह्यो घ्या."

बायडाबाईनं दोन्ही हातांनी गोटा घेतला. पोटाशी धरला. तिचा अंगठा गोट्यावरून फिरायला लागला. एका अंगानं गेला, दुसऱ्या अंगानं आला. पुन्हा फिरला. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होतो. तो खळगा शोधत होता आणि त्या गोट्याला खळगा नव्हता.

"ह्योच हाय न्हवं?" रोहिणीनं विचारलं.

बायडाबाईनं सुनेकडं पाहिलं. तिचा अंगठा थांबला.

"ह्योच हाय, पोरी," ती म्हणाली. "आईला वळखायचा न्हाई व्हय?"

रोहिणी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बायडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या खांद्यावरून विहिरीत बघत राहिली. तळाला धुतलेले गोटे उन्हात चमकत होते. त्यातला एक खळगा वर करून बसला होता. तो तिला दिसला, हे मला कळलं. मिस्त्रीनं बाकीचे कसेही बसवले असतील, पण नेमका तो तसा बसला होता.

उद्‌घाटन झालं. टँकरनं विहीर भरली, दिवे लावले, मोहनराव भाषणात म्हणाले की आता हिवरदरा कुणापेक्षा कमी नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सिमेंटला कुठं भेग राहिली कुणास ठाऊक, आठवडा उलटायच्या आत पाणी मुरमात जिरलं. पुन्हा एकदोनदा भरून पाहिलं. मग सोडून दिलं. बाग मात्र चालते. घसरगुंडी आहे, सिमेंटची हरणं आहेत, झोपाळे आहेत. झाडलोटीचं काम मोहनरावांनी रोहिणीला दिलं, ते त्यांना स्वतःहून सुचलं.

बायडाबाईच्या घरी देवळीत एक गोटा आहे. रोहिणी त्याला रोज हळदकुंकू वाहते, सणाला निवद दाखवते. कुणाच्या तरी दुसऱ्या आईनं कधीकाळी आणलेला तो गोटा आहे. बायडाबाईही त्याच्यापुढं हात जोडते. निदान कुणाचं तरी पोर घरात आहे, असं तिला वाटत असेल.

आणि दर अवसेला ती इथं येते. आता माळ चढताना तिला मधे बसावं लागतं. माझ्या डोक्यावर थोडं पाणी शिंपडते आणि उरलेला तांब्या कठड्यावरून विहिरीत ओतते. रोहिणीला वाटतं, म्हातारी ईराचं पाणी घालताना थोडं सांडते. एवढ्या उंचावरून पाण्याची धार फुटते, निम्मं इकडंतिकडं उडतं. पण बायडाबाईचा नेम आता बसलाय. अंगठ्याएवढं पाणी त्या खळग्यात साचतं आणि खाली चिमण्या उतरतात.

मधे एकदा अंगद आला होता. त्या दिवशी यंत्र चालवल्याचं त्याच्या मनाला लागून राहिलं असावं. शिडी लावून विहिरीत उतरला आणि लोकांनी टाकलेल्या बाटल्या, वेष्टणं गोळा करू लागला. वर बायडाबाई कठड्याला धरून खाली बघत उभी होती.

"आज्जे, तुजं काय पडलंय का खाली?" त्यानं तळातून विचारलं. "सारखी बघतीस म्हनून इचारलं. पहार हाय माज्यापाशी, सांग, काडून देतो."

अंगदच्या पायाशीच तो गोटा होता. रोहिणी हातात खराटा घेऊन बायडाबाईच्या शेजारी उभी होती.

"न्हाई रं बाबा," बायडाबाई म्हणाली. "माजं काय पडायचंय? माजं समदं घरी हाय."

अंगद शिडी घेऊन गेला. मी तसाच उभा राहिलो. उभं राहण्यापलीकडं मला आयुष्यात काही जमलं नाही, पण मी चुकीच्या जागी तरी कधी उभा नव्हतो. आता तेही राहिलं नाही. काठीवाला माणूस जिथं पडला, तिथं आता विहीर आहे आणि मी तिच्या काठावर सोन्याचा मुलामा लावून पाहुण्यांचं स्वागत करतोय.

माझं सोडा. एक मागणं तेवढं ऐकून जा. पोराबाळांना घेऊन आलाच आहात, तर कठड्यावरून खाली डोकावा. विहीर कोरडी दिसेल. फलक खोटा आहे म्हणून हसावंसं वाटेल. पण तळाला एका गोट्यावर जरा ओल दिसली, तर आत बाटली टाकू नका. पोरानं विचारलं, तर झरा असेल म्हणा, या विहिरीला बारा महिने पाणी असतं म्हणा. ते काही खोटं नाही.

आणि फाटकापाशी झाडणारी बाई दिसली, तर ती ओल कसली ते तिला सांगू नका.